डाव्या बाजूची सीट

हरिहरेश्वरच्या त्या घरगुती मुक्कामाच्या अंगणात सकाळी सात वाजता जे झालं, त्याला भांडण म्हणायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. आवाज कुणाचाच चढला नाही. सगळ्यांच्या हातात चहाचे कप होते, आणि धाकटी सून विशाखा अगदी साध्या सुरात म्हणाली, "आज आई पुढं बसतील. काल ताम्हिणी घाटात किती त्रास झाला त्यांना. पुढं बसलं की मळमळत नाही."

यात चुकीचं काहीच नव्हतं. ब्याऐंशी वर्षांच्या मनकर्णाबाई काल घाटात तीनदा ओकल्या होत्या आणि तिसऱ्या वेळेला, "मला हितंच टाकून जा," असं म्हणाल्या होत्या. धाकट्या मुलानं, सुदर्शननं, लगेच मान डोलावली. त्याची मुलगी श्रेया तर आजीची उशी पुढच्या सीटवर ठेवूनही आली. गाडीला टेकून उभे असलेले सर्जेराव, थोरले, बायकोकडं बघत होते.

आणि द्वारका म्हणाली, "नाय. पुढं मीच बसते."

एक्केचाळीस वर्षं या घरात नांदलेली, शेवटची भाकरी स्वतःच्या ताटात घेणारी, लग्नाकार्यात सगळ्यांना जागा मिळाली की मग कोपरा शोधणारी ही बाई. तिनं चारचौघांत स्वतःसाठी काही मागितलेलं कुणाला आठवत नव्हतं. आणि मागितलं तेही काय, तर आजारी सासूची सीट.

"ताई, पाचोडपासून तुम्हीच बसलात की पुढं," विशाखा हसत म्हणाली. ते हसू औषधापुरतंच होतं. "आज एक दिवस आईंना बसू दे."

"मला बी मागं मळमळतं."

हे धडधडीत खोटं होतं आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. द्वारका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पाचोडहून पैठणला जायची, ती वाटेनं चिवडा खात.

"बसू दे तिला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मला काय, मी मागं पडून राहीन."

असं म्हटल्यावर काय उरतं? सुदर्शननं अवघडून कपातला गार चहा पिऊन टाकला. विशाखानं नवऱ्याकडं असं काही बघितलं की त्यातच सगळं आलं. द्वारकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती पुढं झाली, तिनं सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना स्वतःच पुढच्या सीटवर चढवलं. मग मधल्या रांगेत, श्रेयाच्या शेजारी, खिडकीशी जाऊन बसली. डाव्याच खिडकीशी.

तिला मळमळत नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

*

द्वारकाला पाडव्यापासून वाचा फुटली होती, असं घरात सगळे म्हणायचे. एरवी विचारल्याशिवाय न बोलणारी बाई गाडीत बसली की थांबायचं नाव घ्यायची नाही. "ती बघा शेरडं निघाली कडंनं." "फटफटीवाला लई घाईत दिसतोय बाई." "ह्या अंगाला चर खणलाय जणू." सुदर्शन म्हणायचा, साठी झाली आणि वहिनीचा रेडिओ लागला. विशाखा कानात इअरफोन घालून बसायची. श्रेयाला मजा वाटायची. मोठी आई जगातली प्रत्येक शेळी मोजते, असं ती मैत्रिणींना सांगायची.

कुणाच्या हे लक्षात आलं नाही, की द्वारका फक्त डावीकडचंच बोलते.

फाल्गुनात तिनं पहिल्यांदा सर्जेरावांच्या डाव्या दंडावरचे ओरखडे बघितले होते. मोसंबीच्या बागेतून परत आले की रोज एखादा नवा. आधी वाटलं, वय झालं, बेपर्वा झालेत. मग पाचोडच्या आठवडी बाजारात त्यांनी कुंभाराच्या उतरंडीला खांदा मारला आणि सहा माठ फुटले. कुंभार भांडला, सर्जेरावही भांडले, वाटेत कशाला मांडतोस म्हणाले. द्वारका भांडली नाही. ती उतरंड कुठं होती ते तिनं नीट बघून घेतलं.

शहरात औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. काचबिंदू. डावा डोळा जवळपास गेलेला आहे, गेलेली नजर परत येत नाही, उजवा सांभाळायचा. आणि आजपासून गाडी चालवायची नाही.

दवाखान्याचा जिना उतरताना सर्जेरावांनी तिचा हात धरला नाही. खाली गर्दीत, रिक्षांच्या आवाजात उभं राहून ते म्हणाले, "कुणाला सांगायचं नाय. मायला एकदा समुद्र दाखवतो. मी बी बघून घेतो, दिसतंय तवर. आल्यावर मीच सांगंन समद्यांला. माझी शपथ हाय तुला."

शपथ घातली म्हणजे विषय संपला. द्वारका शिकलेली नव्हती, पण भोळीही नव्हती. डॉक्टरांचं तिला पटत होतं, मंगळवारच्या उपासावर तिचा फारसा विश्वास नव्हता. पण नवऱ्याच्या जिवाची घातलेली शपथ मोडायची? ज्यानं घातली त्यानं स्वतः 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, हे तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, आणि आईच्या आईनं आईला. त्या जिवाला काही झालं तर मग डोकं आपटून काय उपयोग, असं तिला वाटायचं. म्हणून तिनं तोंड उघडलं नाही. उघडलं ते दुसऱ्याच कामासाठी. गाडीत त्यांच्या डाव्या हाताला बसायची आणि तिकडचं जे जे दिसेल ते बोलत राहायची.

तो माणूस गाडीशिवाय कोण होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सासऱ्यांनी, सांडूबापूंनी, जुनी जीप घेतली तेव्हापासून या घराचं स्टिअरिंग सर्जेरावांच्या हातात. घरातली बाळंतपणं त्यांनी शहरात पोचवली. बापूंना शेवटचं दवाखान्यात नेलं आणि परत आणलं ते त्यांनीच. श्रेयाच्या वेळी विशाखाला कळा सुरू झाल्या तेव्हा पुलावरून पाणी वाहत होतं. सर्जेरावांनी आडरानातून, बांधांवरून गाडी काढली होती. सुदर्शन पन्नाशी ओलांडून सरकारी कचेरीत मोठा साहेब झाला, पण गाडी शिकला नाही. कशाला शिकायची, दादा आहे ना. विशाखा सिडकोतून शाळेत जायला स्वतःची छोटी कार चालवायची, तिला सर्जेराव काडेपेटी म्हणायचे.

*

बागमांडल्याचा धक्का मुक्कामापासून जवळ होता. तेवढ्या रस्त्यात द्वारकानं मागून बोलायचा प्रयत्न केला. पण पुढच्या सीटवर बसून बोलणं वेगळं आणि मागून ओरडणं वेगळं.

"ह्या अंगाला सायकलवाला हाय हो," ती म्हणाली.

सर्जेरावांनी गाडी उजवीकडं घेतली. थोडी जास्तच घेतली. समोरून येणाऱ्यानं हॉर्न वाजवला.

"हिकडं भिंत लई पुढं आलीया."

"द्वारके," मनकर्णाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "माझं डोस्कं ठणकतंय. जरा गप बस ना माय."

"ताई, प्लीज," विशाखाही म्हणाली.

द्वारका गप बसली. तिनं समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. श्रेयानं तिच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "रागावू नकोस गं मोठी आई. उद्या तू बस पुढं." पोरीला वाटलं, रुसवा आहे.

खाडीवर फेरीबोट लागलेली होती. गाड्या बोटीवर उलट्या चढवायच्या, म्हणजे पलीकडं सरळ उतरता येतं, असं तिथल्या माणसानं सांगितलं. मनकर्णाबाई सोडून सगळे खाली उतरणार होते, तेवढ्यात सर्जेरावांनी रिव्हर्स टाकलासुद्धा. रिव्हर्समध्ये या घरात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बोटीवरचा माणूस मागं डाव्या बाजूला उभा राहून हातवारे करत होता. सर्जेराव उजव्या आरशात बघत होते.

द्वारकानं खिडकीतून बघितलं. उतारावर, गाडीच्या डाव्या अंगाला, एक कोळीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन उभी होती. ती बोटवाल्याशी काहीतरी बोलत होती. तिची पाठ गाडीकडं होती. गाडी तिच्याकडंच सरकत होती.

"थांबा. अहो थांबा, थांबा."

सर्जेरावांनी ब्रेक दाबला. आरसा तिच्या पाठीला लागला होता. पाटी कलंडली आणि चकचकीत मासळी ओल्या सिमेंटवरून घसरत निघाली. कोळीण हातावर आपटली, लगेच उठली आणि मग तिनं तोंड सुरू केलं.

सगळे खाली धावले. सुदर्शन माफी मागत होता. श्रेया आणि विशाखा गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी मासळी गोळा करत होत्या. माळकरी मनकर्णाबाईंनी नाकाला पदर लावला, पण "नीट भरा, बिचारीचं नुकसान करू नका," हे त्या पदराआडून सांगत राहिल्या.

"अचानक आली मधी," सर्जेराव म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी कशाला येऊ मधी?" कोळीण म्हणाली. "मघापासून हितंच उभी हाय. दिसत नाय का डोळ्यांनी?"

"अहो मावशी, तुम्हीही बघायचं ना गाडी येतीय ते," विशाखा म्हणाली. भाऊजींना कुणी परक्यानं बोललेलं तिला सहन झालं नाही. इतरांच्या दृष्टीनं तिथं विषय मिटला. पाटी पुन्हा डोक्यावर चढली, बोटवाल्यानं शिट्टी मारली, गाडी वर गेली.

द्वारका मात्र त्या बाईच्या हाताकडं बघत राहिली. तळवा खरचटला होता. रक्त फार नव्हतं.

*

बोट सुटली. मनकर्णाबाई गाडीतच होत्या. विशाखा आणि सुदर्शन एका कडेला श्रेयाचे फोटो काढत होते. सर्जेराव दुसऱ्या कडेला कठड्याशी एकटे उभे होते. द्वारका त्यांच्या डाव्या बाजूनं गेली आणि शेजारी जाऊन उभी राहिली तरी त्यांना कळलं नाही. ती खाकरली तेव्हा ते दचकले.

"ती बाई उभीच होती," ती म्हणाली.

"आली मधी."

"उभी होती. मला मागून दिसली. तुमच्यापून दोन हातावर."

सर्जेराव पाण्याकडं बघत राहिले.

"तिच्या जागी लेकरू असतं म्हंजे?"

"नव्हतं ना."

"सुटली म्हणा."

"नाय म्हणत."

"अहो, पलीकडं रस्ता अरुंद हाय म्हणत्यात. वळणावळणाचा. आत्याबाई पुढं बसल्यात, मला बोलू देत नायत. सुटली म्हणा आन् मला सांगू द्या."

"दोन दिस," सर्जेराव म्हणाले. "मालवणला जाऊ. पाण्यातला किल्ला दाखवू मायला. मग घरी गेल्यावर चाबी ठिवतो देवापुढं. दोन दिस दे मला."

"तुम्ही दोन दिसच म्हणता. पन दोन दिसात किती वळणं असत्यात?"

"तू बी उलटलीस व्हय?" ते तिच्याकडं वळले. वळावंच लागलं, त्याशिवाय ती त्यांना दिसली नसती. "चाबी गेली की मी कोण उरतो गं? बागंला पाणी देणारा म्हातारा. कुठं जायचं म्हणलं की कुणाच्या तरी दारात उभा राहून इचारायचं, न्हेतो का रं बाबा. मला बसवून न्या. सामानावानी."

या माणसाचा द्वारकाला राग आला होता आणि त्याच वेळी त्याला पदराखाली घ्यावं असंही वाटत होतं. दोन्ही अगदी एकदम. तिनं एवढंच म्हटलं, "मी हाय की तुमची."

"तू हायेस म्हणूनच चाललंय," सर्जेराव म्हणाले आणि पुन्हा पाण्याकडं वळले. "मागून बोल. मोठ्यानं बोल. मायला सांगंन मी."

पलीकडचा धक्का जवळ येत होता. द्वारकाला आता नक्की कळलं की हा माणूस सुटली म्हणणार नाही. आणि शपथ मोडायची हिंमत तिच्यात नव्हती. पण गाडीत बसण्याची शपथ तिला कुणी घातली नव्हती.

*

वेसवीला गाडी सरळ उतरली आणि धक्क्याच्या वर, एका टपरीपुढं थांबली. मागून पायी चढून आलेले सगळे आत बसले. सुदर्शन सामानाच्या जागेत, श्रेया आणि विशाखा मधे. दार उघडं होतं. द्वारका बाहेर उभी होती.

"बसा ताई," विशाखा म्हणाली.

"मी बसत नाय."

"म्हणजे?"

"पुढची सीट द्या. नायतर मी हितंच ऱ्हाते. तुम्ही जावा."

टपरीवरच्या दोघातिघांनी माना वळवल्या. सुदर्शन मागच्या दारातून वाकून खाली उतरला. "वहिनी, लोक बघतायत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "काय झालंय तुम्हाला? आईची तब्येत बरी नाही, दोन तासांचा प्रश्न आहे."

"बघू द्या लोकांला."

"ताई, आता खरंच अति झालं," विशाखा उतरली. तिचे डोळे भरून आले होते. "वर्षभर सुट्ट्या साठवून मी ही ट्रिप जमवली. म्हटलं सगळे एकदा तरी मिळून जाऊ. आणि तुम्ही सीटसाठी आईंशी भांडताय? तुम्ही? मी माझ्या शाळेत सगळ्यांना सांगते की आमच्या मोठ्या जाऊबाईंसारखं माणूस नाही."

हे द्वारकाला फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं. तिनं खाली मान घातली आणि गाडीच्या पुढं, बॉनेटला टेकून उभी राहिली. आता गाडी हलवायची म्हटली तरी तिच्यावरूनच न्यावी लागली असती.

"द्वारके, बाजूला हो," सर्जेराव आतून म्हणाले. "तमाशा करू नको."

ती हलली नाही.

मनकर्णाबाईंनी आपल्या बाजूचं दार उघडलं. श्रेया धरायला धावली, पण त्या काठी टेकत एकट्याच उतरल्या आणि सुनेपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"एक्केचाळीस वरसं वळखते मी हिला," त्या म्हणाल्या. बोलणं सगळ्यांसाठी होतं, नजर सुनेवर होती. "बाळंतपणात तुपाचा गोळा वाढून मागितला नाय हिनं. ती आज पोरीबाळींपुढं सीटंसाठी अडून बसती, म्हंजे सीटंचं कारण नाय. काय झालं गं?"

द्वारकानं ओठ दाबून धरले. डोळ्यातलं पाणी मात्र दाबता येईना.

"मला बोलता येत नाय, आत्याबाई."

"शपथ घातली का कुणी?"

द्वारकाची मान नकळत काचेकडं, स्टिअरिंगकडं वळली.

"सर्ज्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "खाली उतर."

त्रेसष्ट वर्षांचे सर्जेराव खाली उतरले.

"सुटली म्हण."

"माय, ऊन व्हायलंय. तू गाडीत बस."

"सुटली म्हण आधी. बाईच्या जातीला असं बांधून घालू नाय. किती दिस बांधलंस?"

सर्जेराव बायकोकडं बघत होते, आणि त्या बघण्यात राग होता, विनवणीही होती. द्वारकानं दोन्ही सहन केलं. ती बाजूला झाली नाही.

"सुटली," ते म्हणाले.

मग द्वारकानं सांगितलं. फार नाही, चार वाक्यं. ओरखडे, माठ, औरंगपुरा, डॉक्टरीणबाई. दोन महिने आपण काय बडबडत होतो आणि का, तेही. विशाखानं तोंडावर हात धरला. तिच्या गळ्यातल्या इअरफोनची तिला त्या क्षणी लाज वाटली असावी, कारण तिनं ते काढून मुठीत आवळले.

"दादा, खरं हे?" सुदर्शन म्हणाला.

"थोडं कमी दिसतं. कडंचं," सर्जेराव म्हणाले. "पुढचं चोख दिसतं. रस्ता पुढंच असतो ना? उगं हिनं बाऊ केलाय."

मनकर्णाबाई दोन पावलं पुढं आल्या. काठी त्यांनी श्रेयाकडं दिली आणि लेकासमोर हात वर धरला.

"किती बोटं?"

"तीन. माय, लेकरू हाय का मी?"

"आता?"

"दोन."

"बरं. माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हा." त्यांनी हात हळूहळू बाजूला नेला, लेकाच्या डाव्या डोळ्याच्या कडेला, गालापासून वीतभर अंतरावर. पाचही बोटं पसरली. "आता किती?"

सर्जेराव आईच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. थांबले. मग जरा वैतागून म्हणाले, "दाखव की."

श्रेया वळून टपरीकडं तोंड करून उभी राहिली.

"दाखवलाय, बाळा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

सर्जेरावांनी डावा हात उचलला. हवेत थोडं चाचपडलं, आणि आईचा हात त्यांना सापडला. तो धरून ते तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. आजवर त्यांनी डॉक्टरचं ऐकलं होतं, पण मानलं नव्हतं. ते त्या वेळी मानलं.

"मला का नाय सांगितलंस?" मनकर्णाबाई विचारत होत्या. त्या आता उघडच रडत होत्या. "समुद्र काय करायचाय मला? मी काय समुद्र मागितला होता?"

"मला बघायचा होता, माय," सर्जेराव म्हणाले.

टपरीवाल्यानं न सांगता पाण्याची बाटली आणून दिली. सुदर्शननं भावाच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. थोड्या वेळानं सर्जेराव गाडीकडं गेले, चाबी काढली आणि विशाखापुढं धरली.

"हे धूड जमंल का तुला?"

"हळू चालवीन, भाऊजी."

"हळूच चालव. क्लच जड हाय. दुसऱ्या गिअरला जरा अडतं, ओढून घे."

विशाखानं चाबी घेतली, पण लगेच बसली नाही. ती द्वारकाजवळ आली. "ताई, सकाळी मी..."

"ऱ्हाऊ दे."

"नाही, राहू द्यायचं नाही. मी वाईट बोलले. तुम्ही एकट्यानं हे सगळं ओढलंत आणि मी तुम्हाला नावं ठेवली." तिनं जावेला घट्ट मिठी मारली. अशा मिठ्यांची पाचोडला पद्धत नव्हती. द्वारका अवघडून उभी राहिली आणि मग तिनं विशाखाच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

*

बाणकोट, वेळास, केळशी. विशाखा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, जीभ दातात धरून चालवत होती. मनकर्णाबाई पुढंच होत्या आणि त्यांना एकदाही मळमळलं नाही. सर्जेराव मधल्या रांगेत, उजव्या खिडकीशी बसले होते. द्वारका मधे, पलीकडं श्रेया.

सर्जेराव बायकोशी एक शब्दही बोलले नव्हते. विशाखाशी बोलले. "चढाला गिअर उतरव," असं दोनदा सांगितलं. श्रेयानं विचारलं त्याला उत्तर दिलं. द्वारकानं बिस्किटांचा पुडा पुढं केला तेव्हा मात्र मान हलवली. तिनं पुडा परत पिशवीत ठेवला. करायचं ते केलं होतं. आता हा माणूस पुढची वीस वर्षं बोलला नाही तरी चालेल, असं तिनं मनाशी म्हटलं. ते खरं नव्हतं. तिला आत्ताच, या घटकेला, तो बोलायला हवा होता.

आंजर्ल्यानंतर रस्ता चढाला लागला. वर आल्यावर उजवीकडचा डोंगर एकदम संपला आणि श्रेया ओरडलीच, "आजी, किल्ला बघ. पाण्यात आहे अख्खा." हर्णैचा सुवर्णदुर्ग खाली समुद्रात बसला होता, चारी बाजूंनी पाणी. मनकर्णाबाईंनी हात जोडले. सुदर्शन मागून वाकून बघू लागला. विशाखानं वेग कमी केला.

सर्जेरावांनी बायकोला काही दाखवावं म्हणून मान वळवली, पूर्ण वळवली, आणि बघितलं तर ती उलट्या दिशेला बघत होती. श्रेयाच्या पलीकडं, डाव्या खिडकीतून. तिथं करवंदीची जाळी होती आणि कडेनं चाललेली एक गाय.

"कुठं बघतीस?" ते म्हणाले.

"रस्त्याकडं."

"गाडी विशाखा चालवती."

"व्हय." द्वारका ओशाळली. "सवय लागलीया."

सर्जेरावांनी खिडकीबाहेर पाण्याकडं बघितलं.

"तू समुद्र बघितला का?"

"कवा बघणार? काल तुम्ही समदे किनाऱ्यावर गेल्ता, तवा मी आत्याबाईंची लुगडी धूत होते."

"आन् गाडीत? काल दिवेआगरपून समुद्र संगट होता की आपल्या."

"तो तुमच्या अंगाला होता," द्वारका म्हणाली. तक्रार करावी असा तिचा सूर नव्हता. कुठं काय होतं तेवढंच ती सांगत होती. "मी ह्या अंगाला बघत होते."

दोन महिने सर्जेराव आपण काय काय गमावलं ते मोजत होते.

"विशाखा," ते म्हणाले. "गाडी घे कडंला."

गाडी थांबली. काय झालं म्हणून सगळे बघू लागले. सर्जेराव उतरले, दार धरून उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "उतर. खिडकीशी बस तू."

"असू द्या हो, मला दिसतंय हितून."

"बस म्हणलं ना."

ती उतरली. ते आत शिरून मधल्या जागेवर सरकले. मग ती त्यांच्या उजव्या हाताला, खिडकीशी बसली. विशाखानं आरशात बघितलं, डोळे पुसले आणि गिअर टाकला. दुसरा गिअर अडला. तिनं तो ओढून घेतला.

"तू तिकडं बघ," सर्जेराव म्हणाले. "हिकडचं मी बघतो."

हिकडचं त्यांना काही दिसणार नव्हतं, हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. द्वारकानं तोंड खिडकीकडं केलं आणि समुद्र बघितला.